मॉर्मन मिशनरी दारात आले तर: त्यांचे काम, त्यांची दिनचर्या आणि आपण कसे वागावे

अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या दारावर एखाद्या संध्याकाळी दोन तरुण येऊन उभे राहतात. पांढरा शर्ट, टाय, गडद रंगाची पँट, खांद्याला पिशवी आणि छातीवर काळी नावपट्टी असा त्यांचा वेश असतो. मुली असल्या तर बहुधा साधा लांब स्कर्ट आणि तशीच नावपट्टी. आपली माणसे अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण दाराच्या भिंगातून पाहून दार उघडतच नाहीत, तर काही जण आल्या पाहुण्याला विन्मुख पाठवू नये या संस्कारापोटी त्यांना घरात घेतात, तासभर ऐकून घेतात, प्रत्येक वाक्याला मान डोलावतात, निघताना "पुन्हा या" म्हणतात आणि ते खरोखरच पुन्हा आले की अवघडून जातात. या दोन्ही टोकांच्या मधला, दोघांचाही मान राखणारा रस्ता आहे. तो सापडण्यासाठी ही मुले कोण, ती कशासाठी येतात आणि त्यांचा दिवस कसा जातो हे आधी नीट ठाऊक असावे लागते, म्हणून या लेखाचा बराचसा भाग प्रथम त्यांच्याविषयी आहे.

ते कशासाठी येतात

ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्या संप्रदायाचे अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली; आज त्याचे मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बायबलबरोबर ज्याला ते धर्मग्रंथ मानतात त्या 'बुक ऑफ मॉर्मन'वरून हे टोपणनाव पडले, परंतु २०१८ साली तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी टोपणनावाऐवजी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला. तुम्ही सहज बोलताना "मॉर्मन" म्हणालात तर दारात आलेली मुले रागावणार नाहीत, पण पूर्ण नाव घेतले तर त्यांना मनापासून बरे वाटते.

त्यांच्या श्रद्धेचा गाभा समजला की त्यांचे वागणे आपोआप समजते. येशूच्या प्रेषितांनंतर मूळ चर्च आणि त्याचा अधिकार पृथ्वीवरून लोप पावला आणि जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे देवाने तो पुन्हा प्रस्थापित केला, असे ते मानतात. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने चांगले विचार सांगून थांबणे पुरेसे नसते. माणसाने श्रद्धा ठेवावी, पश्चात्ताप करावा, अधिकार असलेल्या हातून पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यावा आणि शेवटपर्यंत त्या मार्गावर टिकावे, हा त्यांच्या कामाचा स्पष्ट हेतू आहे. विचारले तर ते स्वतःच हे सांगतात, काही लपवत नाहीत. त्यांची मैत्री खरी असते आणि त्यांचा हेतूही खरा असतो, आणि ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी लक्षात ठेवली तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

मिशनवर निघण्यापूर्वी

मिशनला जाणे हे या समाजातल्या तरुण मुलग्यांचे धार्मिक कर्तव्य मानले जाते; मुलींना ते ऐच्छिक असते, तरी मोठ्या संख्येने मुली जातात. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ असे खाली आणले गेले (२०२५ मध्ये मुलींसाठीही ते १८ झाले), तेव्हापासून माध्यमिक शाळा संपताच मिशनवर निघणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. मुलांचे मिशन २४ महिन्यांचे आणि मुलींचे १८ महिन्यांचे असते. २०२४ अखेर जगभरात ७४,००० हून अधिक मिशनरी काम करत होते.

इच्छुक तरुण प्रथम आपल्या स्थानिक मंडळीच्या बिशपला, म्हणजे तिच्या प्रमुखाला, भेटतो, त्याच्या आचरणाविषयी मुलाखती होतात, वैद्यकीय आणि दातांची तपासणी होते आणि मग अर्ज मुख्यालयाकडे जातो. कोठे जायचे हे त्याला निवडता येत नाही. आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावर वाढलेल्या मुलाला ब्राझील मिळू शकते किंवा शेजारचे राज्यही मिळू शकते, आणि जे मिळेल ते देवाने दिले असे मानून तो जातो. यूटात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा प्रसंग शेजारी पाहिलेला असतो: नेमणुकीचे पत्र आता संगणकावर येते, पण आजी-आजोबा, काका, मित्र असे सगळे दिवाणखान्यात जमतात, मुलगा पत्र मोठ्याने वाचतो आणि देशाचे नाव येताच आरडाओरडा होतो. असे आमंत्रण आले तर अवश्य जावे. त्या घराला तो दिवस आपल्याकडच्या मुंजीइतका मोलाचा असतो.

नेमणुकीनंतर प्रशिक्षण होते. त्याचे सर्वांत मोठे केंद्र यूटातल्या प्रोव्हो शहरात आहे. ज्यांना नवी भाषा शिकायची नसते ते काही आठवड्यांत बाहेर पडतात, भाषा शिकणाऱ्यांना जास्त काळ लागतो. मिशनरी दूरदेशी पाठवण्याची ही रीत आजची नाही. १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत आणि पुण्यात या पंथाचा प्रचार करत होता, आणि त्याला सर्वांत जास्त विरोध इंग्रज पाद्री आणि लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांकडूनच झाला. तो प्रयत्न त्या दशकातच मावळला. आज बंगळूर आणि नवी दिल्ली येथे या चर्चची मिशन-केंद्रे आहेत.

पैशांबाबत आपल्या लोकांत फार चुकीच्या समजुती आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते: या मुलांना पगार मिळत नाही, बाप्तिस्म्यामागे दलाली मिळत नाही आणि ती तुमच्याकडे देणगी मागायला येत नाहीत. उलट अमेरिकेतल्या मिशनऱ्याचे कुटुंब दरमहा ठरावीक रक्कम स्वतः भरते. २०२० साली ती ४०० वरून ५०० डॉलर करण्यात आली. ज्यांना परवडत नाही त्यांना चर्च आणि इतर सभासद मदत करतात. अनेक मुले शाळेत असल्यापासून गवत कापून, दुकानात काम करून या दोन वर्षांसाठी पैसे साठवतात.

त्यांचा दिवस

सकाळी साडेसहाच्या सुमारास दिवस सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग न्याहारी आणि आंघोळ, त्यानंतर एकट्याने धर्मग्रंथांचे वाचन, नंतर सोबत्याबरोबर अभ्यास आणि परदेशी भाषेत काम करत असतील तर भाषेचा सराव. मिशनच्या प्रमुखांना स्थानिक परिस्थितीप्रमाणे वेळा बदलण्याची मुभा असते, तरी सर्वसाधारणपणे सकाळ उजाडून बरीच वर आल्यावर ते घराबाहेर पडतात ते रात्री नऊ-साडेनऊपर्यंत. साडेदहाला दिवे मालवायचे. मधल्या वेळात ठरलेल्या भेटी, नव्या लोकांशी ओळख, समाजमाध्यमांवरून आलेल्या चौकशांना उत्तरे, आजारी सभासदांकडे फेरी, कोणाच्या घराचे सामान हलवणे असे काहीही असू शकते. दारोदार फिरणे हा या कामाचा केवळ एक भाग आहे, आणि त्यात बहुतेक दारांवर नकारच मिळतो.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, तयारीचा असतो. त्या दिवशी कपडे धुणे, वाणसामान, केस कापणे, घरी पत्र लिहिणे ही कामे उरकून संध्याकाळी ते पुन्हा कामाला लागतात. पूर्वी घरी फोन करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला असे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला आईवडिलांशी फोनवर किंवा दृश्य-संवादाने बोलता येते. माझ्या मते हा बदल फार आवश्यक होता, कारण अठराव्या वर्षी अनोळखी शहरात, रोज नकार ऐकत राहणाऱ्या मुलाला आईचा आवाज सहा महिन्यांनी ऐकायला मिळावा हे कठोर होते.

सर्वांत महत्त्वाचा नियम सोबत्याचा आहे. मिशनरी कधीही एकटा नसतो. त्याचा सोबती नेहमी त्याच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असतो. ही जोडी त्यांनी निवडलेली नसते. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा आढावा होतो आणि एखाद्याला नवा सोबती, नवे गाव किंवा दोन्ही मिळते. या काळात प्रेमसंबंध, चित्रपट, पोहायला जाणे हे सगळे बंद असते. नावपट्टीवर मुलासाठी 'एल्डर' आणि मुलीसाठी 'सिस्टर' असे लिहून पुढे फक्त आडनाव असते. मिशनभर त्यांना त्याच नावाने हाक मारतात, तेव्हा तुम्हीही तेच वापरावे आणि पहिल्या नावासाठी आग्रह धरू नये.

दारात काय बोलावे

तुम्हाला भेटायचे नसेल तर ते पहिल्याच मिनिटात, हसतमुखाने आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. "आम्ही हिंदू आहोत, आमच्या श्रद्धेत समाधानी आहोत आणि या विषयावर भेटण्याची आमची इच्छा नाही, बाहेर ऊन आहे, पाणी हवे का?" एवढे पुरे. आपल्याला मात्र नकार थेट देण्याची सवय नसते. "आत्ता जरा घाईत आहे", "नंतर बघू", "मिस्टर घरी आले की विचारते" ही आपल्या कानांना नकाराची वाक्ये आहेत. आयडाहोच्या किंवा ॲरिझोनाच्या मुलाला ती आमंत्रणे वाटतात, आणि तो प्रामाणिकपणे वहीत किंवा फोनमध्ये तुमचा पत्ता नोंदवून पुढच्या गुरुवारी येतो. त्यात त्याचा दोष नाही. ज्याच्या हाती दिवसाचे मोजकेच तास आहेत त्याला खोटी आशा लावण्यापेक्षा सरळ "नको" सांगणे अधिक दयाळूपणाचे आहे. पुन्हा कोणीच येऊ नये असे वाटत असेल तर "आमच्या घरी येऊ नये अशी नोंद करून ठेवा" असे सांगावे. तरीही कोणी आले तर त्या भागातल्या मंडळीच्या बिशपला कळवावे.

नुसती माणुसकीची भेट हवी असेल, म्हणजे जेवायला घालावे, गप्पा माराव्या, पण धर्माचा विषय नको असे असेल, तर तेही आधीच सांगावे. बहुतेक जोड्या ते मान्य करतात. जाताना दोन मिनिटांचा एखादा विचार सांगण्याची ते परवानगी मागतील. ती द्यावी की नाही हे तुम्ही ठरवावे.

घरात घेताना

घरात एकटी स्त्री असेल तर मुलगे आत येणार नाहीत, आणि एकटा पुरुष असेल तर मुली येणार नाहीत. आणखी एक प्रौढ व्यक्ती हजर असावी असा त्यांचा नियम आहे. "आत या, बसा" म्हटल्यावर ते उंबऱ्याशीच थांबले तर त्यांना आपले घर अस्पृश्य वाटते असा अर्थ कृपया काढू नये. नवरा-बायको दोघेही घरी असतील अशी वेळ द्यावी. त्याचप्रमाणे "पाच मिनिटे बाळाकडे बघा, मी आलेच" असे त्यांना सांगू नये. मुलांबरोबर एकटे राहण्यास किंवा त्यांना सांभाळण्यास मिशनऱ्यांना मनाई आहे, आणि ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी असल्यामुळे आपणही तिचा आदर करावा.

चहा विचारू नये. १८३३ सालापासूनच्या त्यांच्या आरोग्यविषयक धर्मनियमानुसार चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे. आपल्या घरात पाहुणा चहाशिवाय गेला तर गृहिणीच्या जिवाला लागते, पण येथे आग्रह करणे म्हणजे उपवास असलेल्या माणसाला जेवायला बसवण्यासारखे होईल. कोकम सरबत, पन्हे, ताक, मसाला दूध यांपैकी काहीही चालते. चहापत्ती न घालता आले आणि गवती चहा उकळून दिला तरी चालतो, मात्र तो चहा नव्हे, सुगंधी गवताचा काढा आहे हे आधी सांगावे, नाहीतर बिचारे पेला हातात धरून एकमेकांकडे पाहत बसतात.

जेवणाचे बंधन त्यांच्याकडे फारसे नाही. शाकाहारी, मांसाहारी दोन्ही चालते. तिखटाचा अंदाज घ्यावा. वरण-भात-तूप, बटाट्याची सुकी भाजी, पोळी आणि गोडाला श्रीखंड असा बेत मला सर्वांत सोपा वाटतो. पोळीचा तुकडा मोडून भाजी कशी उचलायची हे एकाने करून दाखवले की दुसरा लगेच तसे करू लागतो. काही वेळाने दोघेही बोटांनी भात कालवण्याचा प्रयत्न करत असतात आणि घरातली मुले त्यांना शिकवण्यात रमून जातात. साधारण तासाभरात ते उठतील, कारण पुढची भेट ठरलेली असते. त्यांना धरून ठेवू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो, त्या दिवशी दुपारचे आमंत्रण टाळावे. ते पैसे घेत नाहीत, त्यामुळे निघताना हातात पाकीट ठेवण्याचा प्रयत्न करू नये. उरलेला डबा भरून दिला तर आनंदाने नेतात.

बोलण्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बहुधा प्रार्थनेचा असतो. तुम्हालाही प्रार्थना कराल का असे ते विचारू शकतात. "मी शांत बसून ऐकतो" एवढे उत्तर पुरेसे आहे. देवघर दाखवण्यास हरकत नाही, बहुतेकांना ते पाहण्याची उत्सुकता असते, पण गंध लावणे किंवा प्रसाद देणे हे आधी विचारून करावे, आणि त्यांनी नको म्हटले तर तो अपमान मानू नये. आपण त्यांच्या प्रार्थनेत शांत बसतो तशीच ती त्यांची मर्यादा आहे.

चर्चेत आपली एक सवय घोळ करते. "शेवटी सगळे देव एकच" हे आपण आपलेपणाने म्हणतो. त्यांच्या श्रद्धेत मात्र एक विशिष्ट चर्च, एक विशिष्ट अधिकार आणि हयात असलेला संदेष्टा (म्हणजे चर्चचा अध्यक्ष) यांना मध्यवर्ती स्थान आहे, म्हणून ते वाक्य त्यांना होकाराकडे झुकलेले वाटते. "तुमच्या श्रद्धेचा मला आदर आहे, माझी वेगळी आहे" असे म्हटले की दोन्ही बाजू मोकळ्या होतात. अवघड प्रश्न विचारण्यास काहीही हरकत नाही. पूर्वीची बहुपत्नीकत्वाची प्रथा, जी १८९० साली अधिकृतपणे सोडण्यात आली, किंवा कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्य नाकारले जाणे, हे विषय त्यांनी आधी ऐकलेले असतात. परंतु समोर एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, ते निर्णय घेणारा माणूस नाही, हे ध्यानात ठेवून प्रश्न विचारावा आणि त्याला उलटतपासणीचे रूप देऊ नये. त्याच्या घराविषयी, परत गेल्यावर काय शिकणार याविषयी विचारले तर तो किती मोकळा होतो हे तुम्हाला दिसेल.

खरोखर जाणून घ्यायचे असेल तर

शिकवण काही ठरलेल्या भेटींत दिली जाते, आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी एखादी कृती सुचवली जाते: ग्रंथातले अमुक पान वाचा, प्रार्थना करून पाहा, रविवारी सभेला या. बाप्तिस्म्याची तारीख बऱ्याच वेळा फार लवकर सुचवली जाते. ती तारीख पाळण्याचे तुमच्यावर कसलेही बंधन नाही. निर्णयापूर्वी काही रविवार सभेला जाऊन बसावे, तेथील कुटुंबांशी बोलावे आणि सभासदाकडून पुढे काय अपेक्षित असते ते स्पष्ट विचारून घ्यावे: उत्पन्नाचा दहावा भाग देणे, चहा-कॉफी-दारू सोडणे, विवाहाबाहेर शरीरसंबंध न ठेवणे, रविवार धर्मासाठी राखणे, मंडळीत मिळेल ते विनावेतन काम करणे. विवाहित व्यक्तीला जोडीदाराची आणि अल्पवयीन मुलांना पालकांची संमती लागते. ही संमती घरात आधी, नीट बोलून घ्यावी.

एकट्याने शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना मी आवर्जून देतो. नव्या गावात, पहिल्या हिवाळ्यात, ज्यांनी तुमच्याशी पहिल्यांदा मायेने बोलावे असे लोक कित्येकदा हे मिशनरीच असतात. ते सामान उचलू लागतात, इंग्रजीचे मोफत वर्ग घेतात, बर्फ उपसून देतात, रविवारी कोणाच्या तरी गाडीची सोय करतात. ही मदत निःसंकोच घ्यावी. ती धर्म स्वीकारण्याच्या अटीवर दिलेली नसते. फक्त एकटेपणा आणि श्रद्धा यांची गल्लत होऊ देऊ नये. बाप्तिस्म्यासारखा निर्णय परीक्षेच्या, आजारपणाच्या किंवा घरच्या आठवणीने व्याकूळ असलेल्या आठवड्यात घेऊ नये, आणि घरी आईबाबांशी बोलल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये.

बदली झाल्यावर

ओळख वाढलेली जोडी एके दिवशी अचानक दिसेनाशी होते आणि दारात नवे चेहरे येतात. बदलीची बातमी त्यांना स्वतःलाही थोडेच दिवस आधी कळते, त्यामुळे निरोप न घेता गेले म्हणून मनाला लावून घेऊ नये. नव्या जोडीला जुन्यांनी केलेली नोंद मिळालेली असते, तरीही तुमची भूमिका पुन्हा एकदा सांगावी. पुढे संपर्क ठेवायचा असेल तर मिशन संपल्यानंतरचा पत्ता बदलीपूर्वीच मागून घ्यावा. त्यांनी दिलेला ग्रंथ ही भेट असते, वाचायचा असेल तर ठेवावा. नको असेल तर रद्दीत टाकण्याऐवजी पुढच्या भेटीत परत द्यावा, तो दुसऱ्या कोणाला देता येतो.